सरव्याची चोरी

आमच्या करडी गावाकडे धान कापून भारे बांधले, की बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, लोंब्या गळून राहतात. तो सरवा. शेवटचा भारा उचलला की सरवा वेचणारीचा; त्याआधी वेचला तर चोरी. हा कायदा कुणी केला, असं मी कधी विचारलं नाही. शेत आमचं होतं, मला विचारायची गरजच काय!

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी भंडाऱ्याला कॉलेजात समाजशास्त्र शिकत होते. दिवाळीच्या सुट्टीत बाबांनी मला धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, देखरेखीला बसवलं. आमच्याकडे कापणीला येणारी एक विधवा बाई होती, मी तिला मावशी म्हणायची. गड्यांनी भारे नेले असं समजून ती वेचायला उतरली. धुऱ्याआड एक भारा राहिला होता, तो तिला दिसला नाही. संध्याकाळी बाबांनी विचारलं, "भारे उचलायच्या आधी कोनी सरवा वेचला का?" मी खरं ते सांगितलं. तिला भारा दिसला नव्हता हेही खरंच होतं, पण तेवढं सांगायचा मला कंटाळा आला.

बाबांनी तिला चारचौघांत चोर म्हटलं. मग गावानेही म्हटलं. कुणाची कोंबडी हरवली तरी लोक आधी तिच्या घरात डोकावून यायचे. मळणीला तिला कुणी बोलावेना.

चाचणी परीक्षेत प्रश्न आला, समाजात गुन्हे का घडतात? मी गरिबी लिहिली, संगत लिहिली, आणि समाजच एखाद्यावर शिक्का मारून त्याला गुन्हेगार कसा करतो, हे तर झकासच लिहिलं. उदाहरण तिचंच. सरांनी ते वर्गात वाचून दाखवलं आणि मी फुगून गेले. त्या फुगण्याची मला अजून शरम वाटते.

उन्हाळ्यात ती आमच्या अंगणात आली.

"बाई, तुमी शिकून राहिल्या. सांगा, मी चोर आहो का?"

"नाही मावशी," मी म्हटलं, आणि माझं परीक्षेतलं उत्तर तिला समजावू लागले. चोर कोण ठरवतं, त्यात कुणाचं फावतं, सगळं.

"मंग हे बाबाजीले सांगा ना. औंदा रोवन्याले तरी बलावतीन."

"बघते," म्हटलं.

बाबा आत जेवत होते. मी आत गेले, त्यांना भाजी हवी का विचारलं, आणि ती फाटकाबाहेर जाईपर्यंत तिथेच थांबले.