उजवीकडची सुपारी

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काही केलं असेल तर भरताची वांगी भाजली. बायको चुलीपुढं बसून कापसाच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी फिरवत होती आणि मी शेजारी बसून, कशी फिरवावी ते सांगत होतो. ऐकतच नव्हती. मग मान वळवून म्हणाली, "मना डावा कान बहिरा शे, तुमले ठाऊक नही का? उजवा आंगे बठा." मी उठून त्या बाजूला गेलो, तर माझं ऐकायचं सोडून मलाच ऐकवलं, "कापूस घर इना का गडवर जाऊ. पायी. दोन्हीजन."

गड म्हणजे धुळ्याच्या डोक्यावरचा देवीचा डोंगर. माझ्या ऑपरेशनच्या वेळी ती नवस बोलली होती. मी घरी आलो तर जोडीनं पायी चढू, जोडीनं ओटी भरू. मी आलो घरी. मग लग्नसराई आली, मग पेरणी आली. कापूस घरी आला तेव्हा तीच नव्हती. हार्ट, म्हणे डॉक्टर. ऑपरेशन माझं झालं आणि गेली ती. देवीकडेही कागद इकडचे तिकडे होत असतील.

वर्ष सरलं तशी सून सांगू लागली, नवस राहिला म्हणून म्हैस आटली. म्हशीला चारा कोण टाकतं ते मी विचारलं नाही. पोरानं गाडी काढली, थेट वरपर्यंत.

मी म्हटलं, "पायी बोलली होती ती."

"आबा, देवीला काय, पोचल्याशी मतलब."

वर आता सगळं पक्कं बांधलंय. जिथून वारा यायचा तिथं भिंत घातली, आणि वारा येत नाही म्हणून तिथं पंखा बसवला. पात्यांवर देणगी देणाऱ्याचं नाव आहे. पंखा फिरला की नाव वाचता येत नाही, म्हणून तो बंदच असतो. खाली अख्खं धुळं दिसतं, पण लोक धुळ्याकडं पाठ करून फोटो काढतात.

पुजाऱ्यानं विचारलं, "जोडीदार?"

"वारली."

त्यानं तबकातली एक सुपारी उचलली आणि माझ्या उजव्या हाताला पाटावर ठेवली. "या यजमानीणबाई. बसा."

मी सुपारी उचलून डावीकडं ठेवली.

"आबा, पूजेला बायको उजवीकडं बसते. शास्त्र आहे."

"तिकडून तिला माझं ऐकू येत नाही. डावा कान बहिरा आहे."

त्यानं परत उजवीकडं ठेवली. मी परत डावीकडं. रांगेतून कोणी ओरडलं, "ओ आबा, संसार घरी करा!" लोक हसले. सुनेनं पदर तोंडाला लावला. शेवटी सुपारी उजवीकडंच राहिली, पण पुजाऱ्यानं मंत्र जोरात म्हणायचं कबूल केलं.

ओटी भरली. "फिटला नवस," तो म्हणाला. लगेच एका सेवेकऱ्यानं पाटावरच्या सगळ्या सुपाऱ्या डब्यात लोटल्या. कुंकू पुसून त्या परत दारातल्या दुकानावर जातात, हे मी येतानाच पाहिलं होतं.

"थांब रे, माझी काढ."

"कोणतीही घ्या ना आबा, सारख्याच आहेत."

"कोणतीही कशी घेऊ? आत्ता तर तुम्ही तिला बायको म्हणत होते!"

सेवेकऱ्यानं डबा पुढं केला. मी वाकून पाहिलं, चष्मा लावून पाहिलं. कुठली आपली ते मलाही ओळखू येईना. एक उचलली, खिशात टाकली आणि खालमानेनं बाहेर आलो.

घरी सुनेनं ती देव्हाऱ्यात ठेवली, हळदकुंकू वाहिलं, वाकून नमस्कार केला. जिवंतपणी दोघी भाजीतल्या मिठावरून भांडायच्या. "सुटलो आबा, आता कसली काळजी नाही," सून म्हणाली. तिचं खोटं नव्हतं, तिला हायसं वाटलं होतं. मला जेवण गेलं नाही. ती चालायचं बोलली होती, आणि चाललं कोणीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीनं गडाच्या पायथ्याला उतरलो. वर सवारी नेणारा जीपवाला ओळखीचा निघाला.

"आबा, काल तर जाऊन आले ना? फिटला ना नवस?"

"काल सुनेचा फिटला. आज बायकोचा फेडतो."

"एकटेच? पायी?"

"मग तू येतो का जोडीला?"

तो हसत जीप घेऊन वर गेला. मी चपला काढून हातात घेतल्या आणि चढायला लागलो. पहिल्याच वळणाला दम लागला. बसलो. लोक पुढं गेले. मग उठलो.