राखेची माती

माती सर्वेक्षणाच्या खात्यात त्यांना सगळे खड्डेवाले काका म्हणत. विझलेल्या ज्वालामुखीच्या उतारावर छातीएवढे खड्डे खणायचे आणि मातीचे थर नोंदवायचे, यात त्यांची तीस वर्षं गेली. निवृत्तीला दोन वर्षं उरली आणि डोळ्यांनी दगा दिला. आकार दिसत, रंग मात्र कळेनासे झाले. खात्यात त्यांनी ब्रही काढला नाही. सांगितलं फक्त बायकोला.

"मग मी येते खड्ड्यावर," काकू म्हणाल्या.

"पडशील!"

"लग्न केलं तेव्हाच पडलेय."

तेव्हापासून काका खालून ढेकूळ वर द्यायचे आणि काकू ते रंगांच्या तक्त्याशी ताडून आकडा सांगायच्या. बाकीचं काम काकांची बोटं करत. राखेपासून झालेली माती हाताला हलकी लागते, पाणी धरून ठेवते आणि ओली असताना चिमटीत दाबली की एकाएकी साबणासारखी निसटते.

सहा महिन्यांनी खात्याच्या नव्या अधिकारी मॅडम तपासणीला आल्या. पायथ्याची माती त्यांनी नकाशात रेताड म्हणून दाखवली होती.

"रेताड नाही ही," काका म्हणाले. "राखेची आहे."

"प्रयोगशाळेचा अहवाल आहे, काका."

"नमुना वाळवला असणार. ही माती एकदा वाळली की तिचे कण चिकटून वाळूसारखे होतात. मग कितीही भिजवा, पहिल्यासारखी होत नाही."

मॅडमनी परीक्षा करायची ठरवली. औषध लावलेल्या कागदावर चिमूटभर ओली माती ठेवून वर द्रावणाचा थेंब सोडला. राखेची असेल तर कागद गुलाबी होणार होता. कागद काकांच्या नाकासमोर होता.

"झाला का गुलाबी?" काकांनी विचारलं.

मॅडम त्यांच्याकडे बघतच राहिल्या. काकू हळूच म्हणाल्या, "झालाय हो. छान गुलाबी."

"काका, तुम्हाला दिसत नाही?"

"रंग दिसत नाहीत." काकांनी मान खाली घातली. "चूक झाली. सांगायला हवं होतं."

मॅडमनी नोंदवही मागितली. दोन दिवस त्या एकेका खड्ड्यापाशी जाऊन स्वतः रंग ताडत होत्या. एकही आकडा चुकला नव्हता.

नकाशा बदलला. ही माती खतातला स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, धरून बसते, पिकाला देत नाही. म्हणून तिथल्या शेतकऱ्यांना खताचा सल्लाही नवा गेला. महिनाभराने काकूंच्या नावाचं ओळखपत्र आलं: 'सहायक, रंगनोंद'. अक्षरं दिसत होती, तरी काकांनी ते त्यांच्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाले, "आता जरा सावकाश वाच."