नरहर गुरुजींचं युद्धोत्तर धोरण

फुलसावंगीचे नरहर गुरुजी निवृत्त झाले, त्यांचा इतिहासाचा विषय मात्र निवृत्त झाला नाही. जन्मभर त्यांनी पोरांकडून एकच प्रश्न घोटून घेतला होता: दोन महायुद्धांनंतरच्या अमेरिकेच्या परराष्ट्र धोरणाची तुलना करा. उत्तर त्यांनी शेजाऱ्यावर वापरून पाहिलं.

शेजारी म्हणजे पुंडलिकराव, कापूस-तुरीचे धनी, आवाज भोंग्याचा. पहिलं युद्ध पोळ्याला पेटलं. तोरणाखाली बैल उभे राहिले की झडत्यांची, म्हणजे एकमेकांना टोमणे मारणाऱ्या कवनांची, चढाओढ लागते. पुंडलिकरावांनी भर गावात हाणली:

“मास्तर सांगते जगाची लढाई, घरात निंगाला उंदीर, तं खाटेवर चढाई! हर बोला हर हर महादेव!”

गाव हसून लोळलं. झडतीला झडतीनंच उत्तर द्यायचं असतं. गुरुजींनी मात्र तडक घर गाठलं आणि शेजारच्या बाजूची खिडकी लावून घेतली, ती कित्येक वर्षं. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकाही अशीच समुद्रापलीकडे जाऊन बसली, राष्ट्रसंघातसुद्धा शिरली नाही. मागे युरोपात व्हायचं ते झालं. इथे बंद खिडकीखाली पुंडलिकरावांचा उकिरडा वाढत गेला.

वास घरात शिरला तेव्हा गुरुजींनी खिडकी उघडली आणि दुसरं युद्ध सुरू झालं. गुरुजी ग्रामसभेत असे कडाडले, की पुंडलिकरावांना तो उकिरडा स्वतःच्या हातानं उपसावा लागला. गुरुजी समोर खुर्ची टाकून बघत बसले.

“झालं समाधान? आता लावा ती खिडकी,” त्यांच्या पत्नी रत्नप्रभाबाई म्हणाल्या.

“तीच चूक पुन्हा? दुसऱ्या खेपेला अमेरिका घरी गेली नाही. हरलेल्याला मदत दिली आणि तिथेच छावणी ठोकली. याला मी उपकारानं मारणार!”

उन्हाळ्यात पुंडलिकरावांची बोअर आटली. गुरुजींनी न मागता आपल्या बोअरचा पाइप भिंतीपलीकडे टाकून दिला. कॉक मात्र अलीकडे. रोज सकाळी पुंडलिकरावांनी भिंतीशी येऊन म्हणायचं, “गुरुजी, पाणी सोडता का?” गुरुजी डोळे मिटून ते वाक्य चवीनं ऐकत, मग सावकाश कॉककडे निघत.

पण हरलेला देश फोफावला. त्या पाण्यावर पुंडलिकरावांच्या परसात वांगी डवरली. त्यांच्या पत्नी विमलताई भरलं वांगं धाडू लागल्या. ते चांगलं होत असे, हा अपमान वेगळाच.

एका सकाळी गुरुजी तापानं फणफणले. भिंतीपलीकडून आवाज आला, “वहिनी, गुरुजीले उठवू नका. तुमीच सोडा पाणी.”

“हात लावू नकोस कॉकला!” गुरुजी ओरडले आणि गोधडीसकट अंगणात आले. “पुंडलिकराव, मागा!”

“अवो, ताप हाये न तुमाले! कायले उठले?”

“आधी मागा.”

पुंडलिकरावांनी त्यांची थरथर पाहिली आणि बादली खाली ठेवली. “नाई मागत आज. एक दिवस पाणी नाई भरलं तं काई मरून नाई राह्यलो. जा, निजा.”

गुरुजींचा चेहरा पांढराफटक पडला. दया? आणि तीही या माणसाकडून?

“नाही कसं? घ्यावंच लागेल!” त्यांनी कॉक पुरता फिरवला. पलीकडे बादली, वांगी, पुंडलिकरावांच्या चपला, सगळं उपकारात बुडालं. पुंडलिकराव “बस, बस!” म्हणत अंगणभर नाचायला लागले, तेव्हा कुठे गुरुजी तापाची गोळी घ्यायला आत गेले.