अब्बांनी राखून ठेवलेला मुलगा

अब्बा गेले त्या सकाळी रियाधवर काहीच पडलं नाही. आदल्या रात्री भोंगासुद्धा वाजला नव्हता. पहाटेच्या, फजरच्या नमाजानंतर ते खुबूस, म्हणजे इथली रोटी, आणायला गेले, परत आले, गरम खुबूसची पिशवी माझ्या हातात दिली आणि बैठकीच्या गादीवर टेकून बसले. मी चहा ओतत होते. "अब्बा, साखर संपत आलीय," असं मी आतून म्हटलं. उत्तर आलं नाही तेव्हा वाटलं, ऐकलं नसेल... वरच्या मजल्यावरचे मल्याळी कंपाउंडर धावत आले. त्यांनी अब्बांचं मनगट धरलं ते बराच वेळ सोडलंच नाही. त्यांना आम्हाला काय सांगावं ते सुचत नसावं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या, असरच्या नमाजानंतर दफन झालं. आम्ही बायका जात नाही, त्यामुळे ती जागा मी पाहिलेली नाही. गावाला, श्रीवर्धनच्या बाजूला, कब्रस्तान रस्त्यालगतच आहे, बाजारात जाताना नजर तरी पडते. इथे मला ते शहराच्या कोणत्या दिशेला आहे तेही नीट सांगता येणार नाही. गावाहून फोन यायचे. पहिला प्रश्न एकच, "बॉम्ब पडला काय?" मी म्हणायची, नाही, हार्ट. मग पलीकडून पुन्हा, नक्की? लढाईच्या दिवसांत माणूस साध्या मरणाने जातो, हे लोकांना पटत नव्हतं. मलाही अजून पटलंय असं नाही. मी रडलेही फारशी नाही. चहा ओतायचा, आल्या-गेल्याला द्यायचा, कप विसळायचे, एवढंच मला आठवतं.

अब्बा रियाधच्या ओलाया भागातल्या एका अमेरिकन सल्लागार कंपनीत ड्रायव्हर होते. शिक्षण सातवी. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. तेही म्हणायचं म्हणून, कारण इथल्या इंडियन स्कूलमधून बारावी झाल्यावर मुलींना पुढे काही नाही. म्हणून मी मुंबईहून बाहेरून बी.ए. करत होते. पुस्तकं पोस्टाने यायची आणि मी अल मलाझमधल्या या दोन खोल्यांत बसून वाचायची. अब्बा मोठ्या साहेबांसारखे शिकलेले नव्हते, त्यांच्या नावे लिहावं असं काही त्यांनी केलं नाही. तरी लिहितेय. मला त्यांची जी गोष्ट सर्वांत जास्त आठवते ती सांगितली तर लोक हसतील की काय, अशी भीती वाटते. ती गोष्ट बेसबॉलची आहे.

त्यांच्या ऑफिसातले अमेरिकन दर वर्षी एक खेळ खेळत. प्रत्यक्ष नाही, कागदावर. प्रत्येकाने अमेरिकेतल्या खऱ्या खेळाडूंमधून बोली लावून आपली टीम बनवायची. ते खेळाडू तिकडे जसे खेळतील तसे इकडे आपले गुण. एका वर्षी त्यांना एक गडी कमी पडला. वॉल्टर म्हणून मॅनेजर होते, अब्बा त्यांचीच गाडी चालवायचे. ते गाडीतच म्हणाले, हसन, तू ये. अब्बांनी आयुष्यात बेसबॉलचा चेंडू पाहिला नव्हता. पण गावच्या मैदानावर त्यांनी पुष्कळ क्रिकेट खेळलेलं, आणि नाही म्हणायची त्यांना सवय नव्हती. घरी येऊन मला म्हणाले, "बाय, तू इंग्लिश वाच. टीम मी करतो."

मग दर शुक्रवारी जुम्म्याहून आल्यावर आमचा तो उद्योग. वॉल्टर आपलं वाचून झालेलं खेळाचं साप्ताहिक द्यायचे. ते अमेरिकेहून यायचं, शिळं, आणि वाटेत सेन्सॉरच्या हाताखालून. जाहिरातीत बाईचे उघडे हात किंवा पाय दिसले की ते जाड काळ्या शाईने रंगवलेले असत. शाई मागच्या पानावर उतरायची. मागच्या पानावर असायचे खेळाडूंचे आकडे. त्यामुळे एखादा मुलगा अर्धाच वाचता यायचा. अब्बा ते पान खिडकीच्या काचेला चिकटवून उन्हात धरायचे. "बघ गो, दिसता काय?" कधी दिसायचं, कधी नाही. अम्मी आतून म्हणायची, "बाप-लेकी कसले तावीज वाचता?"

नावाजलेल्या खेळाडूंवर सगळेच बोली लावायचे. अब्बांचं लक्ष कोवळ्या मुलांवर. छोट्या लीगमध्ये खेळणारी, अजून कोणाला माहीत नसलेली पोरं. यातलं पुढे कोण चमकेल, हे ओळखायचं. मी नाव वाचलं की ते आधी वय विचारायचे. मग विचारायचे, "सोडतो किती?" बेसबॉलमध्ये टाकणाऱ्याने चार वाईट चेंडू टाकले आणि फलंदाजाने ते सोडले, तर त्याला फुकट पुढची जागा मिळते. अब्बांना हे कळलं तेव्हा ते एकदम खूश झाले. ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू जो सोडतो तो फलंदाज, बाकीचे मारकुटे, हे त्यांचं लहानपणापासूनचं मत. त्यांनी सगळी टीम सोडणाऱ्या पोरांची केली.

गंमत अशी की त्या खेळाच्या हिशेबात सोडलेल्या चेंडूंना गुणच नव्हते. मारलेल्याला होते, पळालेल्याला होते, सोडलेल्याला नाही. हे नियमांच्या कागदावर होतं आणि मीच ते वाचून दाखवलं होतं. पण क्रिकेटच्या माणसाच्या कानात ते शिरलं नाही. त्या वर्षी अब्बा शेवटचे आले. वॉल्टर म्हणाले, "हसन, तुझी टीम फार सभ्य आहे. कशालाच हात लावत नाही!" अब्बांनी हे आम्हाला इतक्या आनंदाने सांगितलं की अम्मी म्हणाली, "पहिले आलात काय?"

"शेवटचा."

"मग एवढं हसायला काय झालं?"

"अगो, पोरं लहान आहेत. थांबायला नको?"

पुढच्या वर्षीही त्यांनी तशीच पोरं निवडली. मी म्हटलं, अब्बा, गुण नाहीत त्याला. ते म्हणाले, "आज नाहीत. जो सोडायला शिकतो तो मारायलाही शिकतो. उलटा कोण शिकत नाही." हे खरं की खोटं मला माहीत नाही. त्यांची टीम त्याही वर्षी वर आली नाही.

त्या पोरांत एक रूबेन होता. कुठल्याशा बेटावरच्या कोळ्यांच्या गावचा, माझ्याच वयाचा. समुद्रकाठचा म्हटल्यावर अब्बांनी पुढचं काही ऐकलंच नाही. खेळात अशी सोय होती की छोट्या लीगमधली दोन-तीन पोरं राखून ठेवायची. दर मार्चअखेर सांगायचं, ठेवतो की सोडतो. सोडला की तो कोणाचाही. पहिल्या वर्षी रूबेन बरा खेळला, दुसऱ्या वर्षी पडला. ऑफिसातले सगळे म्हणाले, सोड. अब्बांनी ठेवला.

त्याच सुमारास त्यांनी माझंही ठरवलं. परीक्षेसाठी मला मुंबईला नेलं होतं, तिथून ते मला पुण्याला घेऊन गेले. एका कॉलेजच्या फाटकाशी आम्ही उभे होतो. मुली सायकलवरून आत जात होत्या. अब्बा बराच वेळ बघत राहिले, मग वॉचमनला विचारलं, "होस्टेलला जेवण देतात काय?" परत येताना म्हणाले, पुढच्या जूनपासून तू इथे. बाहेरून-बिहेरून खलास. करीमचाचांना, म्हणजे त्यांच्या धाकट्या भावाला, हे अजिबात पटलं नाही. ते दम्मामला ट्रक चालवतात. त्यांच्या मते माझं वय लग्नाचं होतं आणि गावात एक चांगलं स्थळ थांबलेलं होतं. अब्बा त्यांच्याशी भांडले नाहीत. नुसतं म्हणाले, "जूनला जाईल ती."

मग इराकने कुवेत घेतलं, आणि जानेवारीत लढाई. वॉल्टर आणि आणखी दोघांना अब्बांनी गाडीने लांब जेद्दाला, लढाईच्या टप्प्याबाहेर, पोचवलं. वॉल्टर म्हणाले होते, कुटुंबालाही घे, तिकडेच राहा. पण गाडी एकच होती, आणि अम्मी म्हणाली, अनोळखी पुरुषांबरोबर एवढा प्रवास मी करणार नाही. मग अब्बा त्यांना सोडून रिकामी गाडी घेऊन परत आले. तोवर शेजाऱ्यांनी शिकवल्याप्रमाणे मी आणि अम्मीने आतल्या खोलीच्या खिडकीला प्लॅस्टिक लावून कडेने पट्ट्या चिकटवल्या होत्या, विषारी गॅस आलाच तर म्हणून. अब्बांनी येऊन सगळ्या पट्ट्या अंगठ्याने पुन्हा दाबल्या. वॉल्टरनी निरोप देताना साप्ताहिकाचा एक जाड अंक दिला होता, नव्या हंगामातल्या होतकरू मुलांचा.

तो अंक आम्ही त्या बंद खोलीत वाचला. बाहेर काय चाललंय ते विसरायला बरं होतं. रूबेनचं नाव सापडलं, वयही सापडलं. पुढचे आकडे नेमके काळ्या शाईखाली. खिडकीवर प्लॅस्टिक, ऊन आत येत नव्हतं. मी पान बल्बपुढे धरलं. काही दिसेना.

"अब्बा, काहीच वाचता येत नाही."

"राहू दे."

"मग काय करायचं त्याचं?"

"ठेवायचा. करायचं काय त्यात?"

आकडे न बघता त्यांनी ठरवलं, याचं मला तेव्हा हसू आलं होतं. त्यानंतर थोड्याच दिवसांत ते गेले.

आमचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, अब्बांच्या नावावर. ते गेल्यावर आम्हाला इथे राहता येणार नव्हतं. पण कफील, ज्याच्या जामिनावर अब्बा इथे होते तो, भला माणूस निघाला, अम्मीची इद्दत, विधवेने घरात काढायचे चार महिने दहा दिवस, पुरी होईपर्यंत राहा म्हणाला. म्हणजे आम्ही जूनअखेर निघणार. तोवर अम्मी घराबाहेर पडत नाही, आणि बाहेरच्या माणसांसमोर येत नाही. जून म्हटलं की मला पुण्याचं ते फाटक आठवायचं. कॉलेजचे प्रवेश जूनमध्येच सुरू होणार, फार तर जुलैपर्यंत चालणार. मी कोणाला विचारलं नाही. विचारायचं तरी कोणाला? करीमचाचा दम्मामहून येऊन सगळी धावपळ करत होते, तिकिटं, कागद, सामान. माणूस वाईट नाही. आमच्यासाठी ते फार दमले. एका शुक्रवारी जेवताना ते सहज म्हणाले, "गावाला पोचलो की त्या स्थळाचं उरकून घेऊ. भाभीलाही आधार." मी भात वाढत होते, वाढत राहिले.

जेवण चालू असतानाच फोन वाजला. वॉल्टर होते. लढाई थांबली होती आणि ते परत आले होते. आधी ते अब्बांबद्दल बोलले, अडखळत. मग म्हणाले, खेळ या वर्षीही होणार आहे, हसनची जागा आम्ही कोणाला दिलेली नाही. तू सांगशील ते. त्याचे मुलगे ठेवायचे की सोडायचे? आणि खरं सांगतो, त्या रूबेनचं काही होईलसं वाटत नाही. मागचं वर्षही वाईट गेलं. सोडलास तर कोणी काही म्हणणार नाही.

मी फोनवर हात ठेवला. चाचांनी विचारलं, "काय म्हणतो गोरा?"

"अब्बांचे खेळाडू ठेवायचे की सोडायचे, विचारतात."

"माणूस गेला, आता कसले खेळ? सोड म्हण. खलास."

मला खरंच कळेना. इतक्या दिवसांत मी कशालाच हो-नाही म्हटलं नव्हतं. तेवढ्यात आतल्या खोलीतून अम्मीचा आवाज आला.

"त्यांनी काय सांगितलं होतं?"

"ठेवायचा म्हणाले होते."

"मग ठेव म्हण."

"भाभी, तुम्हाला ठाऊक तरी आहे काय हा खेळ?" चाचा म्हणाले.

"नाही ठाऊक. त्यांनी ठरवलेलं मोडायचं नाही, एवढं ठाऊक आहे." अम्मी दाराच्या पडद्यामागे येऊन उभी राहिली. "आणि करीम, पुण्याचंही त्यांचं ठरलेलं आहे. ती जाईल. स्थळवाल्यांना तसं कळवा."

"भाभी, लोक..."

"लोकांना मी सांगेन. मला इद्दत आहे, जीभ आहे अजून."

चाचा भात कालवायला लागले. मी फोन कानाला लावला आणि सांगितलं, ठेवतो. वॉल्टर म्हणाले, बरं. मला वाटतं, ते हसले असावेत. थोड्या वेळाने चाचांनी ताट बाजूला सारलं आणि विचारलं, "होस्टेलला फोन असतो काय?"

नवा हंगाम सुरू झाला आहे. रूबेन अजून छोट्या लीगमध्येच आहे. साप्ताहिक येतं, मी ते अम्मीला वाचून दाखवते. ती आकडे विचारत नाही. परवा म्हणाली, "एवढा लांब राहतो, जेवायचं काय करतो पोरगा?" मी म्हटलं, ते छापत नाहीत.

अब्बा ड्रायव्हर. गाडी नेहमी मागे घेऊन लावायचे, तोंड रस्त्याकडे, म्हणजे निघताना खोळंबा नको. घरात शिरतानाही त्यांच्या चपला तशाच, टोकं बाहेर. अम्मी त्यावरून त्यांना बोलायची, घरात येताय की चाललात? मी चपला कशाही काढते, एक इकडे, एक तिकडे. काल माझ्या जुन्या शाळेच्या लायब्ररीची पुस्तकं परत करून आले, आत जाऊन पाणी प्यायले. पुन्हा बाहेरच्या खोलीत आले तेव्हा अम्मी दाराशी वाकलेली होती. तिच्या स्वतःच्या चपला फडताळात आहेत, इद्दत संपेपर्यंत त्या निघायच्या नाहीत. माझ्या दोन्ही चपला तिने जुळवल्या, टोकं बाहेर केली, आणि काही न बोलता आत निघून गेली.