काळेकाकांचा ळ

काळेकाकांची अक्षरं काकांसारखीच होती: उंच, अरुंद, काळी कुळकुळीत. मंदिराच्या लाइनीत भाविक उभे असतात ना, तशी एकमेकांना खेटून, पण धक्काबुक्की नाही. देवास गेटला ह्या फुटपाथवरनं त्या फुटपाथवरची त्यांनी रंगवलेली पाटी बिना चष्म्याची वाचता यायची.

मी कोणाचीही नक्कल करतो. बसचा कंडक्टर, आमचे प्रिन्सिपल, काकांचा खोकलासुद्धा. एक काकांचं अक्षर तेवढं जमलं नाही.

मी फ्लेक्सच्या दुकानात कम्प्यूटरवर बसतो. एकदा एक लांबलचक नाव बोर्डात मावेना, म्हणून मी ते माउसनं धरून दोन्ही बाजूंनी दाबलं. काका चहाला आले होते, मागे उभे होते.

"अरे भिया, हे काय केलंस? उभ्या दांड्या सुकल्या, आडव्या तशाच जाड. अक्षर बारीक नाही झालं, दारात अडकलंय!"

मग जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर त्यांनी ब्रशनं तेच नाव लिहिलं. दांडी भरगच्च, फक्त अक्षराच्या पोटातली जागा कमी केलेली. पूर्ण नाव मावलं, वर बोटभर जागा उरली. ते भिंतीला टेकवून मला म्हणाले, "पाटी जवळून नाही बघायची. रस्ता पार करून बघ."

बघितलं. एक-एक अक्षर सुटं दिसत होतं.

तेव्हाच ठरवलं, ह्या अक्षरांचा फॉन्ट करायचा. तो पण फटाफट, कारण जुन्या पाट्या रोज उतरत होत्या आणि काकांचा हात कापायला लागला होता. गाडीवर फिरून फोटो काढले. ज्ञ मिळाला, क्षिप्राचा क्ष मिळाला. ळ कुठेच नाही. सगळी गिऱ्हाईकं हिंदी, ळ मागणार कोण?

"काका, तुमच्या घराच्या पाटीवर तर असेल?"

"माझं घर मला माहितीये रे. पाटी कशाला?"

शेवटी नानाखेड्याला त्यांच्या घरीच जाऊन बसलो. काकांनी डाव्या हातानं उजवं मनगट धरलं, श्वास रोखला आणि ब्रश टेकवला. पहिला गोल असा उतरला की मीही श्वास घ्यायचं विसरलो. दुसऱ्या गोलात हात हलला. जरासा फुगवटा आला.

"बिगडला. फेक तो," काका म्हणाले. "दुसरा काढतो." पण ब्रश काही परत उचलला नाही.

"राहू द्या काका, फुगवटा काढणं एका क्लिकचं काम आहे."

दिवाळीआधी काका गेले.

फॉन्ट झाला. ती क्लिक मी केली नाही. काकूंनी पाटी मागितली, मी करून दिली. नुसतं एकच नाव: काळे. दारावर ठोकली आणि रस्ता पार केला.

काकूंनी दारातून विचारलं, "काय रे, वाचता येतंय का?"

"इथून तर येतंय," मी ओरडलो, आणि मागे सरकत गेलो. कोपऱ्यावरच्या पोह्यांच्या ठेल्यापर्यंत गेलो. येतच होतं.