पोस्टानं आलेला रेडिओ

१९८६, दिवाळीआधीचा बाजारचा दिवस, सोनपेठ. हजर: वडील, आई, मी, पोस्टमन आणि आमच्या गल्लीतले रेडिओचे दुकानदार. दुकानदारांना कुणी बोलावलं नव्हतं. पोस्टमनच्या हातातलं खोकं पाहून ते दुकान उघडं टाकून मागोमाग आले होते.

वर्तमानपत्रातली जाहिरात वाचून मीच तो रेडिओ मागवला होता. दुकानात वाजवून बघता यायचं. इथं आधी पैसे, मग खोकं उघडायचं.

"आत वीट निघाली तर?" आईनं विचारलं.

"चुलीला लावा," म्हणत पोस्टमन पैसे घेऊन गेला.

वीट निघाली नाही. सेल घातले आणि परभणी केंद्र खणखणीत लागलं. दुकानदारांचा चेहरा उतरला.

"असंच पोस्टानं यायला लागलं, तर मी काय विकायचं, मामा?" त्यांनी वडिलांना विचारलं.

दुकानदारांनी खिशातून पेचकस काढला. "आतून बघू का?"

मागचं झाकण उघडून ते बराच वेळ बघत राहिले. मीही वाकून पाहत होते. इतक्या लांबून येऊन आतली एकही तार कशी तुटली नाही, याचं आम्हा दोघांनाही नवल वाटत होतं.

"माल चांगला हाय," ते शेवटी म्हणाले. "पण बिघडला तर कुणाकडं जाल?"

"तुमच्याकडंच की," वडील म्हणाले. "कंपनी कुठं आपल्या गल्लीत हाय?"

तेव्हा कुठे ते हसले. तेवढ्यात दुकानातून गिऱ्हाइकाची हाक आली. झाकण कसंबसं बसवून ते पळाले आणि एक स्क्रू त्यांच्या खिशातच गेला. "उद्या लावून देतो," असं जाताना म्हणाले.

रेडिओ अजून वाजतो. तो स्क्रू लावायचा राहिला आहे.