तीन वर्षांच्या खाली सही नाही

दादा गेला त्याच्या तिसऱ्या दिवसापासून आमच्या पडवीत कराराची चर्चा सुरू झाली. भेटायला आलेली माणसं आधी आजाराबद्दल एखाद-दुसरी गोष्ट विचारत आणि मग कोणीतरी हळू आवाजात म्हणे, त्या पोराच्या सहीचं काय झालं? मला राग आला नाही. दादाबद्दल बोलायची त्यांना दुसरी रीत ठाऊक नव्हती.

दादा शाळेत व्यायामशिक्षक होता, मी त्याच शाळेत मराठी शिकवत असे. आम्ही दोघंही भावंडं लग्नाशिवाय राहिलो आणि एकाच घरात म्हातारे झालो. शाळा सुटल्यावर तो मैदानात कबड्डी शिकवायचा आणि मी कडेच्या बाकावर वाचत बसायचे. एवढ्या वर्षांत मला खेळ फारसा कळला नाही. त्याच्या हाताखालून गेलेली बहुतेक मुलं मुंबईला नोकरीला लागली, खेळ सुटला. एकच टिकला. तो चढाईपटू झाला, मोठ्या शहराच्या संघातून टीव्हीवर दिसू लागला, आणि आमच्या गल्लीतली माणसं त्याच्या सामन्याच्या वेळेनुसार जेवू लागली.

गेल्या हंगामानंतर त्याचा करार संपला. संघ एका वर्षाचा नवा करार द्यायला तयार होता. त्याला तीन वर्षांचा हवा होता, कारण दादाने तसं सांगितलं होतं. “तीन वर्षांच्या खाली सही नाही,” हे दादाचं वाक्य गल्लीतल्या सगळ्यांना पाठ होतं. तो म्हणे, एका वर्षात पाय मुरगळला तर हे लोक ओळख देणार नाहीत. संघ हलेना, हाही हलेना. दोन महिने बोलणी तशीच पडून राहिली आणि मधल्या काळात दादा आजारी पडला.

दवाखान्यात दादा मोबाइलवर त्या पोराचे जुने सामने पाहत असे. एका मंगळवारी दुपारी त्याने मला जवळ बोलावलं आणि पडद्यावर बोट ठेवलं. कबड्डीत बोनस गुण घ्यायचा तर समोरच्या रेषेपलीकडे एक पाय टेकवून दुसरा हवेत उचलावा लागतो. तेवढा क्षण सगळा भार एका गुडघ्यावर येतो. दादा म्हणाला, शेवटच्या सहा सामन्यांत याने उजव्या पायावर एकदाही बोनस घेतलेला नाही. लपवतो आहे. मला दिसलं ते त्यांनाही दिसणार.

“त्याला सांग, मिळतंय त्यावर सही कर. माझं ऐकू नकोस म्हणावं.”

मी हो म्हटलं. पण दादाला कधी माघार घेताना पाहिलं नव्हतं, आणि त्या दिवशी त्याच्या अंगात ताप होता. मला वाटलं, बरं वाटलं की स्वतःच सांगेल. बुधवारी तो पोरगा भेटायला आला तेव्हा दादा झोपलेला होता. तो तासभर पायांपाशी बसला, मी खिडकीशी पुस्तक घेऊन बसले. शुक्रवारी सकाळी दादा गेला.

अग्नी त्या पोरानेच दिला. आम्हाला जवळचं कोणी उरलं नव्हतं, आणि त्याने कोणाला विचारलंही नाही. डोकं भादरलं, पांढरं धोतर नेसला आणि दहा दिवसांसाठी आमच्याकडेच राहायला आला. माजघरात चटईवर झोपायचा, एक वेळ जेवायचा. शेजारणी पिठलं-भात आणून ठेवत, ते आम्ही दोघं एकमेकांसमोर बसून न बोलता खात असू. फोन त्याने पहिल्याच दिवशी बंद केला होता. क्रियेला बसलेल्या माणसाने व्यवहार बोलायचा नसतो, हे आम्हा दोघांनाही शिकवावं लागलं नव्हतं.

बाहेर मात्र दोन पक्ष पडले होते. शेजारचे बागायतदार दादाच्या बाजूचे. हंगाम भरात होता, आंब्याच्या चिकाने त्यांची बोटं काळवंडलेली असत, तरी रोज पेट्या भरायचं काम सोडून ते अर्धा तास येऊन बसत. त्यांचं म्हणणं, वाघ आहे तो, संघच झक मारत येईल. दुसरे मिरजोळ्याच्या कारखान्यात कारकून. ते म्हणत, वाघ असू दे नाहीतर कोण, सत्ताविसाव्या वर्षी तीन वर्षं कोण देतो? मला तर साहेब दर अकरा महिन्यांनी नवा कागद देतात. यावर बागायतदार म्हणाले, “तुला देतात तेच जास्त आहे, मेल्या.” आणि दोघंही हसले, मग कोणाच्या घरात बसलो आहोत हे आठवून थांबले.

आतल्या चटईवर त्याला हे सगळं ऐकू येत होतं. मलाही येत होतं. सहाव्या दिवशी कारकुनांनी पेपरात वाचलेली तारीख सांगितली. येत्या शनिवारपर्यंत सही नाही झाली तर संघ त्याला सोडणार, मग तो खेळाडूंच्या लिलावात जाणार. मी बोटांवर मोजलं. शनिवार म्हणजे नववा दिवस. दहावा रविवारी.

मी ठरवलं, दहावा होऊ दे, पाणी देऊन झालं की सांगू. यात काही चुकतं आहे असं मला खरंच वाटलं नाही. चौतीस वर्षं शाळेत काढली, अर्जाची, फॉर्मची, याद्यांची एकही तारीख अशी पाहिली नाही की जिला मुदतवाढ मिळाली नाही. एका दिवसाने काय होतं? घरात मरण झालं आहे हे कोणालाही समजेल. आणि खरं सांगायचं तर दुसरंही एक होतं. दादाचं ते वाक्य बाहेर रोज कोणीतरी म्हणत होतं. त्याची राख अजून समुद्रात पडली नव्हती, आणि त्याने शब्द मागे घेतला होता हे मला माझ्या तोंडाने सांगायचं नव्हतं.

शनिवार गेला. रविवारी किनाऱ्यावर पिंड ठेवले. कावळा लवकर शिवला. गुरुजी म्हणाले, इच्छा काही राहिली नव्हती. मी वाळूकडे पाहत राहिले.

घरी आल्यावर त्याने फोन सुरू केला. संघाचे निरोप एकामागून एक येऊन पडले होते, शेवटचा शनिवारी संध्याकाळचा. तो पायरीवर बसून वाचत होता. मी शेजारी जाऊन बसले आणि मंगळवारची गोष्ट सांगितली. गुडघ्याचीही.

त्याने फोन पायरीवर उलटा ठेवला. मग त्याने विचारलं, “सर कधी म्हणाले हे?”

“मंगळवारी.”

“मी बुधवारी आलो होतो, बाई.”

“हो.”

“मला तारीख माहीत होती,” तो म्हणाला. “सरांचा शेवटचा शब्द तीन वर्षांचा आहे असं धरून बसलो होतो. त्यांच्यासाठी बसलेलो असताना तो मोडायचा नव्हता.”

मी सुतकाचं काहीतरी बोलले. त्याने मान हलवली. तो रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. त्याने धोतर बदललं, माझ्या पाया पडला आणि आपल्या घरी गेला. संघाला फोन केला तेव्हा त्यांनी दुसरा चढाईपटू घेतलेला होता. लिलावात त्याच्या नावावर कोणी बोली लावली नाही. दादाला दिसलं होतं ते सगळ्यांना दिसलं होतं.

आता तो कारकुनांच्याच कारखान्यात माल चढवण्या-उतरवण्याच्या कामावर आहे, अकरा महिन्यांच्या कागदावर. कारकुनांनीच शब्द टाकला. तेराव्याला तो आला होता, नंतर आलेला नाही. एकदा बाजारात लांबून दिसला. उजवा पाय किंचित ओढत होता. आता लपवायची गरज नव्हती.

पडवीतली माणसं अजून येतात. त्यांना दुसरीकडे जागा नाही, आणि मीही येऊ नका म्हणत नाही. गल्लीतलं मंडळ दादाच्या आठवणीसाठी मैदानाच्या भिंतीवर ते वाक्य रंगवणार आहे. त्यावरून परवा पुन्हा वाद झाला. कारकून म्हणाले, सरांच्या हट्टाने पोरगा संपला, ते भिंतीवर कशाला लिहिता? बागायतदार चिडले. म्हणाले, सर आज असते तर त्यांनी पुन्हा हेच सांगितलं असतं, बाईंना विचार.

दोघंही दाराकडे पाहू लागले. मी हातातलं पुस्तक मिटलं आणि सांगितलं, दादा शेवटी म्हणाला होता, मिळतंय त्यावर सही कर. सगळं सांगितलं, दिवसासकट.

 कारकुनांनी खाली पाहिलं. त्यांना वाटलं असावं, मी त्यांचं मन राखायला बोलले.

“बाई,” बागायतदार अगदी मऊ आवाजात म्हणाले, “तापात माणूस काहीही बोलतो. ते मनावर घेऊ नका.”

मग ते कारकुनांकडे वळले आणि भिंतीला कुठला रंग टिकेल ते विचारू लागले.